कुडाळला महिन्यातून एकदा होणारा लहान मुलांचा हार्ट इको : आमचा अनुभव (मोठा आहे पण वाचा)

ज्यांच्या बाळाच्या फाईलवर डॉक्टरांनी 'मर्मर आहे, टूडी इको करून घ्या' असं लिहून दिलंय (मर्मर म्हणजे हृदयातून येणारा जादा आवाज, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी) आणि जे आत्ता फोनवर शोधतायत की सिंधुदुर्गात एवढ्या लहान बाळाचा इको नेमका करायचा कुठे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गेल्या वर्षी एप्रिलात मी पण अशीच रात्री दोन वाजता बाबूला खांद्यावर घेऊन शोधत होते, आणि नुसते स्टार दिसत होते, कोणी चार ओळी लिहिलेल्या नव्हत्या.

आधी हे सांगते की हे काही वेगळं मोठं हॉस्पिटल नाहीये. बाळांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, त्याच्याच वरच्या मजल्यावर महिन्यातून एक दिवस घाटावरून लहान मुलांचे हार्टचे डॉक्टर येतात, आणि त्या दिवशी सकाळपासून काळोख पडेपर्यंत इको चालतात. आमच्याकडे असंच असतं, कानाचे डॉक्टर बुधवारी, मेंदूचे डॉक्टर महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी, आपण दुखणं घेऊन तारखेची वाट बघायची. म्हणून तारीख आधी फोन करून पक्की करा. पावसाळ्यात घाटात दरड आली की तारीख पुढे जाते, एकदा आमचीच आठ दिवस पुढे गेली होती, पण त्यांनी आदल्या संध्याकाळीच फोन करून सांगितलं, बाळाला घेऊन उगाच हेलपाटा पडू दिला नाही.

आता आमचं सांगते. बाबू डिसेंबरात झाला, वजन २.९ किलो, नॉर्मल डिलिव्हरी, रडला, दूध प्यायला, तिसऱ्या दिवशी घरी. सगळं छान. पहिले चार पाच आठवडे काहीच वाटलं नाही. मग सासूबाईंच्या लक्षात आलं, त्यांनी चार मुलं वाढवलीत. त्या म्हणाल्या, "गो, ह्येका दूध पिताना इतको घाम कित्याक येता? माझ्या चारांत कोणाक असा झाला नाय." मी म्हटलं उकडतंय म्हणून येत असेल. जानेवारीत कसलं उकडतंय! दोन मिनिटं ओढायचा, थांबायचा, धापा टाकायचा, परत ओढायचा, मग दमून झोपायचा आणि अर्ध्या तासात भुकेने रडत उठायचा. दुधाला बसला की कपाळ ओलं. मला वाटायचं माझंच दूध कमी पडतंय, आणि आजूबाजूच्या बायकापण तेच म्हणायच्या.

दीड महिन्याच्या डोसला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेला तेव्हा तिथल्या डॉक्टर मॅडमनी छातीला नळी लावली आणि लावूनच ठेवली. एक मिनिट, दोन मिनिटं. मग म्हणाल्या मर्मर आहे, म्हणजे रक्त जाताना आवाज येतोय, इको करून घ्या. मिस्टरांचा पारा चढला की जन्मल्यावर एवढे डॉक्टर बघून गेले तेव्हा कोणाला ऐकू आलं नाही का. ह्याचं उत्तर आम्हाला नंतर कुडाळलाच मिळालं, ते इथेच सांगून टाकते कारण बऱ्याच जणांचा राग इथेच अडकलेला असतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल (ह्याला व्हीएसडी म्हणतात, जन्मजात हृदयदोषांत सगळ्यात जास्त सापडणारा हाच), तर जन्मल्या जन्मल्या आवाज येईलच असं नाही. पोटात असताना फुफ्फुसं चालत नसतात, तिथल्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर खूप असतं, जन्मानंतर ते काही आठवड्यांत हळूहळू उतरतं. ते उतरलं की मग डावीकडचं रक्त भोकातून उजवीकडे घुसायला लागतं आणि तेव्हा आवाज सुरू होतो, धाप सुरू होते. म्हणजे जन्माच्या वेळच्या डॉक्टरांची काही चूक नव्हती. दीड महिन्याचा डोस चुकवू नका असं मी आता भेटेल त्या बाईला सांगते ते लसीसाठी तर आहेच, पण त्या निमित्ताने बाळाची छाती कोणीतरी ऐकतं म्हणून पण.

पहिला इको आम्ही ह्या सेंटरला नाही केला. माहितीच नव्हतं. जवळच्या एका शहरात मोठ्या माणसांचे इको होतात तिथे गेलो. नाव लिहीत नाही, त्यांच्याकडे मोठ्यांचं काम चांगलं होतं, माझ्या काकांचं तिथेच बघतात. पण बाबू टेबलावर ठेवल्या ठेवल्या रडायला लागला, जेल बर्फासारखं गार, मी पाय धरले, मिस्टरांनी हात धरले, सहा सात मिनिटांत झालं पण. रिपोर्ट काय तर छोटं व्हीएसडी, ३ एमएम, एक वर्षाने परत दाखवा, आपोआप बंद होईल. आम्ही येताना पेढे घेऊन आलो. खरंच, पेढे वाटले घरात.

आणि पुढचे दोन महिने मी त्या 'आपोआप बंद होईल' वर काढले. दम लागतोय? बंद होईल. खोकला जात नाही? बंद होईल. वजन दोन महिन्याला ३.८ होतं, चार महिन्याला ४.४. चार पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट व्हायला पाहिजे असतं, म्हणजे ५.८ च्या आसपास. झोपेत असताना मी श्वास मोजले तर मिनिटाला ६५ ते ७०. दोन महिन्यांच्या पुढच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याच्यावर असला की तो जलद धरतात हे मला अंगणवाडीताईंनी सांगितलं, त्यांना न्यूमोनियासाठी शिकवलेलं असतं. त्याच आठवड्यात अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक आलं होतं, त्यातल्या डॉक्टरांनी बाबूला बघितलं, रिपोर्ट बघितला, आणि म्हणाले हा रिपोर्ट आणि हे बाळ जुळत नाहीये. लहान मुलांच्या कार्डिऑलॉजिस्टकडूनच परत इको करा. हे एक वाक्य त्या दिवशी कोणी बोललं नसतं तर मी आणखी किती दिवस थांबले असते माहीत नाही, ह्या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

तर कुडाळ.

फोन लावला तर पलीकडच्या ताईंनी नाव लिहून घ्यायच्या आधी विचारलं, बाळ केवढं, वजन किती, दूध पिताना घाम येतो का, ओठ निळे होतात का. मी सांगितलं तसं म्हणाल्या सकाळी पहिला नंबर घ्या, रांगेत बसवणार नाही. मग बजावलं की सकाळी लवकर उठवा, आंघोळ घाला, येताना गाडीत झोपू देऊ नका, दूध इथे येऊन पाजा म्हणजे पोटभर पिऊन इथेच झोपेल. कारण बाळ शांत झोपलेलं असेल तरच नीट दिसतं. ज्या मुलांना झोपेचं औषध द्यावं लागेल असं वाटतं त्यांना किती तास उपाशी ठेवायचं ते वेगळं सांगतात, तर तुम्हाला जे सांगतील तेच करा, माझं वाचून करू नका.

गाडीत झोपू देऊ नका म्हणे! आमच्या आचऱ्याहून मालवण, चौके, धामापूर करत जायचं, वळणावळणाचा रस्ता, बाळच काय मोठा माणूस पेंगतो. मी सगळ्या वाटेने खुळखुळा वाजवत, तळपायाला गुदगुल्या करत नेला. सासरे आणि धाकटे भावजी पण सोबत होते. आंब्याचा सीझन ऐन भरात, पेट्या भरायच्या सोडून सगळे आले होते.

तिथे आधी वजन, उंची, मग हाताला आणि पायाला ते लाल दिव्याचं क्लिप लावून ऑक्सिजन बघितला, ९७ आला. मिस्टर म्हणाले चला, ऑक्सिजन चांगला आहे म्हणजे हार्ट चांगलंय. डॉक्टरांनी तिथल्या तिथे थांबवलं. निळं पडणारी बाळं वेगळी, त्यांच्यात अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळतं, जसं फॅलॉट टेट्रालॉजी नावाच्या जन्मजात हृदयदोषात होतं. ह्याच्यात उलट, शुद्ध रक्तच परत फुफ्फुसात जातंय, म्हणून बाळ गोरंगोमटं गुलाबी दिसतं आणि आतून दमत असतं. आमच्याकडे सगळ्यांचा हाच समज आहे की हार्टचं काही असेल तर पोर निळं पडणारच. नाही पडत. घाम, धाप, वजन न वाढणं, सारखा छातीचा त्रास, हे बघा. मग एवढासा बीपीचा पट्टा, माझ्या दोन बोटांएवढा, तो हाताला लावून बीपी घेतलं, ८५. जांघेत बोट ठेवून नाडी बघितली. मी विचारलं पायाची नाडी कशाला, तर म्हणाले हृदयातून निघणारी मुख्य नळी पुढे कुठे अरुंद असेल तर पायाची नाडी लागत नाही, आणि हे बोटानेच कळतं, मशीनच्या आधी.

इकोची खोली छोटीच आहे. दारावर गर्भलिंग निदान केलं जात नाही ह्याचा बोर्ड, आत पडदे लावून अंधार, जेलची बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवलेली. हे कोमट जेल बघूनच मला रडू आलं, एवढी साधी गोष्ट. बाबू माझ्या कुशीत दूध पीत पीत झोपला, आणि त्यांनी त्याला टेबलावर हलवलाच नाही, मला एका कुशीवर झोपायला सांगितलं आणि तसंच माझ्याजवळ ठेवून इको केला. प्रोब, म्हणजे छातीवर फिरवतात तो दांडा, तो पण वेगळा, अंगठ्याएवढा. मोठ्यांचा प्रोब साधारण २ ते ४ मेगाहर्ट्झचा असतो, तो छातीत खोल जातो पण बारीक गोष्टी तेवढ्या स्वच्छ दाखवत नाही, बाळांसाठी ८ किंवा १२ पर्यंतचा वापरतात, तो खोल जात नाही पण बाळाची छाती असते केवढी, आणि चित्र बारीक येतं. बाळाचं हृदय त्याच्या मुठीएवढं आणि मिनिटाला १३०-१४० ठोके, त्यात दोन तीन एमएमचा फरक बघायचा असतो.

किती वेळ लागला माहितीये? पन्नास मिनिटं. मी घड्याळाकडे बघतच होते कारण हात बधिर झाला होता. पोटावरून सुरू केलं, बेंबीच्या वरून, आधी यकृत (लिव्हर) कुठल्या बाजूला, हृदय कुठल्या बाजूला, अंगातलं रक्त घेऊन येणाऱ्या नळ्या कुठे येऊन लागतात, मग कोणता कप्पा कोणाला जोडलेला, कोणत्या कप्प्यातून कोणती नळी निघते. मग छातीच्या डावीकडून, मग खाली टोकावरून जिथे चारही खोल्या एकदम दिसतात, आणि शेवटी मानेच्या खळग्यातून, मुख्य नळीचं वळण बघायला. पहिल्या ठिकाणी मानेला प्रोब लावलाच नव्हता. डॉक्टरांचं म्हणणं असं की लहान मुलात भोक सापडलं म्हणून थांबायचं नसतं, एक सापडलं तर दुसरं काही आहे का ते मुद्दाम शोधायचं, म्हणून प्रत्येक वेळी पायरी पायरीने सगळं बघायचं, भले पहिल्या मिनिटाला उत्तर दिसू दे.

मग रंग लावले. स्क्रीनवर लाल निळं धुमसायला लागलं आणि निळं बघून माझ्या छातीत धस्स झालं, मला वाटलं ते अशुद्ध रक्त. तसं नसतं. प्रोबकडे येणारं रक्त लाल दाखवतात, प्रोबपासून लांब जाणारं निळं, शुद्ध अशुद्धशी काही संबंध नाही. आणि जिथे रक्त खळबळत जातं तिथे पिवळा हिरवा असा चट्ट्यापट्ट्यांचा रंग येतो. तो आमच्या बाबूच्या दोन खोल्यांच्या मध्ये होता.

धाकटे भावजी ट्रॉलरवर जातात, ते स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाले, "ह्या आमच्या फिश फायंडरासारख्याच आसा." मला वाटलं डॉक्टर रागावतील, तर ते खूश झाले. म्हणाले अगदी तेच, आवाज सोडायचा, आपटून परत यायला किती वेळ लागला त्याच्यावरून काय किती खोल आहे ते काढायचं. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वाचलं पण, खरंय. हृदयाचा पहिला इको १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावात झाला, इंगे एडलर म्हणून डॉक्टर आणि हेलमुट हर्ट्झ म्हणून भौतिकशास्त्रज्ञ, आणि त्यांनी वापरायला घेतलेलं यंत्र होतं जहाजं बांधायच्या गोदीतलं, धातूच्या आत कुठे भेग आहे का ते बघायचं. बोटीच्या पत्र्यातली भेग शोधायचं यंत्र माणसाच्या छातीवर ठेवायचं हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. भावजींनी ही गोष्ट बंदरावर सगळ्यांना सांगून झालीये. आणि ह्याच्यात एक्स-रे सारखे किरण नसतात, नुसता आवाज, म्हणून कितीही वेळा केला तरी बाळाला अपाय नाही. माझ्या सासूबाईंना हीच मोठी भीती होती.

भोक निघालं ७ एमएम. ३ नाही. मिस्टर म्हणाले म्हणजे दोन महिन्यांत वाढलं? डॉक्टर म्हणाले वाढलेलं नाही, ते गोल नसतं, लांबट असतं, एका बाजूने बघितलं तर अरुंद दिसतं, दुसऱ्या बाजूने रुंद, रडणाऱ्या बाळात एकाच कोनातून मिळालं ते मोजलं तर असं होऊ शकतं. आधीच्या डॉक्टरांना त्यांनी एक शब्द वाईट बोलला नाही.

पण खरी गोष्ट आकड्याची नव्हतीच. ती मला नीट सांगायचीये कारण त्या एका गोष्टीने आमच्या घरातल्या सगळ्यांना पटलं. त्यांनी भोकातून जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजला, सेकंदाला २.५ मीटर. मला वाटलं वेग कमी म्हणजे बरं. सासऱ्यांना पण तसंच वाटलं असणार पण ते गप्प होते. डॉक्टरांनी कागद घेतला आणि लिहून दाखवलं, वेगाचा वर्ग करायचा, चारने गुणायचं, अडीच गुणिले अडीच गुणिले चार, आले २५. म्हणजे भोकाच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक फक्त २५. बाळाचं बीपी ८५, त्यातून २५ गेले, राहिले ६०. हे ६० प्रेशर फुफ्फुसाकडे जाणाऱ्या नळीत आहे, जिथे एव्हाना २५ च्या आसपास किंवा त्याच्याखाली असायला पाहिजे. भोक छोटं असतं तर वेग ४ च्या वर गेला असता. वेग कमी आहे तेच वाईट आहे.

माझ्या डोक्यावरून गेलं. सासरे पुढे झाले. त्यांचं सगळं आयुष्य खाडीच्या कडेच्या खार जमिनीत गेलंय, बांध फुटला की रात्री कंदील घेऊन जाणारा माणूस. ते म्हणाले, "बांधाक भोक पडला आणि खाडीत भरती, शेतात पाणी नाय, तर पाणी जोरान आत येता, आवाज करता. पण दोनय बाजूक पाणी सारख्याच लेवलाक इला तर भोकातसून जोर कसो येतलो?" डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणाले आजोबा, मी हे इतकी वर्षं पालकांना समजावतोय, आता तुमचंच उदाहरण देईन. शेत भरलंय, हाच प्रॉब्लेम आहे. फुफ्फुस भरलंय.

मग पुढचं सांगितलं ते कडू होतं पण सरळ सांगितलं. डावीकडचे कप्पे जास्तीचं रक्त खेचून खेचून मोठे झालेत, म्हणून दम. असं मोठं भोक आपोआप बंद व्हायची वाट बघायची नसते, पडद्याच्या मांसल भागातली बारीक भोकं पुष्कळदा बंद होतात, ती वेगळी, हे तसं नाही. आणि वर्ष दोन वर्षं तसंच सोडलं तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होऊ शकतात, मग रक्त उलटं वाहायला लागतं, मूल निळं पडतं, आणि तेव्हा भोक बंद करायचं म्हटलं तरी करता येत नाही. म्हणून सहा महिन्यांच्या आसपास ऑपरेशन. पहिल्या रिपोर्टवर लिहिलेलं 'एक वर्षाने दाखवा' मला आठवलं आणि मी तिथेच खाली बसले. ताईंनी पाणी दिलं.

मी विचारलं की सीटी स्कॅन वगैरे लागेल का. तर म्हणाले बाबूसाठी नाही, ह्या इकोवर ऑपरेशन ठरवता येतं. फुफ्फुसातल्या लांबच्या नळ्या, मुख्य नळीचे काही भाग इकोत नीट येत नाहीत, फुफ्फुसातली हवा आडवी येते, त्या मुलांना सीटी किंवा कॅथेटर (बारीक नळी हृदयापर्यंत घालून करायची तपासणी) लागतं. हेही आवडलं मला, की आपल्या मशीनला काय दिसत नाही ते माणूस आपणहून सांगतो.

रिपोर्ट दोन पानी हातात मिळाला, प्रत्येक कप्प्याचं माप, वेग, प्रेशर, आणि चित्र काढून भोक कुठे आहे ते. सीडी पण दिली. ह्या सीडीचं महत्त्व मुंबईत कळलं, तिथल्या डॉक्टरांनी आधी ती बघितली आणि मग त्यांचा स्वतःचा इको केला, दोन्ही जुळले. पैसे म्हणाल तर इकोचे २००० घेतले, त्यातच तपासणी. शेजारच्या बाकावर एक ताई वेंगुर्ल्याकडून आलेल्या, त्यांच्याकडे पुरते नव्हते, तर काउंटरवर त्यांना 'पुढच्या वेळी द्या' म्हटलेलं मी कानाने ऐकलं. पण हेही सांगते की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नाव असेल तर तपासणी आणि ऑपरेशनसाठी मदत मिळते, हा कार्यक्रम २०१३ पासून आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि जन्मजात हृदयरोग त्यात येतो. आम्हाला हा रस्ता पण ह्याच सेंटरने दाखवला, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात कोणते कागद घेऊन जायचं ते लिहून दिलं, रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला, अंगणवाडीच्या पथकाचा कागद. स्वतःचं गिऱ्हाईक कोणी असं सरकारी दारात पाठवतं का सांगा.

दोन महिने औषधं घेतली, लघवीवाटे जास्तीचं पाणी काढायचं औषध, त्याने धाप कमी झाली, दूध थोडं जास्त जायला लागलं. जूनमध्ये मुंबईत ऑपरेशन झालं, भोकावर ठिगळ लावलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे आणि अजून मला लिहिताना हात थरथरतात. जुलैत कुडाळला परत इको, त्याच कोमट जेलने. ठिगळाच्या कडेने गळती आहे का, फुफ्फुसातलं प्रेशर उतरलं का, हृदयाभोवती पाणी साठलंय का, सगळं परत पहिल्यापासून पायरी पायरीने. गळती नाही. प्रेशर उतरलंय. सासरे स्क्रीनजवळ जाऊन म्हणाले, "बांध धरलो." ह्या जानेवारीत परत दाखवला, वजन ८.८ किलो झालं होतं आणि टेबलाला धरून उभा राहायला बघत होता, ह्या वेळी झोपला नाही तर मोबाईलवर गाणी लावून जमेल तसा केला. दात येतायत तर दात स्वच्छ ठेवा, किडू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं, तोंडातले जंतू रक्तातून हृदयात जाऊन बसू शकतात म्हणून.

माझ्या जावेला आता तिसरा महिना आहे. तिने विचारलं तर तिला सांगितलं की जवळच्या नात्यात असं मूल असेल तर डॉक्टरांशी बोलून १८ ते २४ आठवड्यांच्या मध्ये पोटातल्या बाळाच्या हृदयाचा पण इको करता येतो. तसं दर हजार बाळांमागे आठ नऊ बाळांना हृदयात काही ना काही जन्मजात असतंच, त्यातल्या पुष्कळांच्या घरात आधी कोणालाच काही नसतं, आमच्याही नव्हतं. सासूबाई गेल्या वर्षभर विचारत होत्या की ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं का. नाही आई, तसं काही नसतं. डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं, आणि माझ्या पण, कारण भाजी मीच चिरली होती.

तुम्ही कुठेही जा, ह्याच सेंटरला जा असं माझं म्हणणं नाही. पण फोनवर विचारा की इको करणारे डॉक्टर लहान मुलांच्या हार्टचे आहेत का, बाळाचा प्रोब आहे का, आणि एका बाळाला किती वेळ देतात. ह्यात विचारायला लाजू नका. मशीन दोन्ही ठिकाणी चांगलंच होतं, फरक माणसाचा आणि वेळेचा होता.

आता तक्रार. जिना. अरुंद, उंच पायऱ्यांचा, लिफ्ट नाही, आणि ऑपरेशन झालेलं बाळ छातीला न दाबता दोन्ही हातांवर आडवं घेऊन चढायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी माणूस लागतो. शिवाय दूध पाजायला आडोसा नाही, बाळ दूध पिऊन झोपलं पाहिजे म्हणता तर एक पडदा तरी लावा. दुपारनंतर बाहेर बाकावर जागा राहत नाही, पुष्कळ जण जिन्यावरच बसलेले असतात. ह्याच्यासाठी एक स्टार कमी दिलाय. आमची पुढची तारीख गणपती झाल्यावर आहे, तोपर्यंत खालच्या मजल्यावर जागा घेतली असेल तर येऊन पाचवा देईन.